बिनमुठींचं राज्य

एका राज्यात, बारवेच्या काठावर, एक राजा आणि एक म्हातारी कडाकडा भांडत होती, आणि दिवस मावळायला चार घटका उरल्या होत्या.

"तुम्ही हात लावलात!" राजा ओरडला. "सव्वा महिना मला सुनावलंत, महाराज लांब उभे राहा, महाराज हात लावायचा नाही. आणि शेवटी तुम्हीच लावलात!"

"लावला," म्हातारी म्हणाली. "खोबण खरबरीत होती. जराशी तासली."

"जराशी!"

"जराशीच. तुमच्या ओरडण्यानं ती पुन्हा खरबरीत होणार आहे का?"

दोघांच्या मध्ये दगडावर एक लाकडी कप्पी पडली होती. शेजारी टिटवी बसली होती. टिटवीनं कप्पीकडे एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं, आणि बोलली, "मोठ्या हाताची कप्पी. चालणार नाही."

राजकन्या पवळा तिथंच उभी होती. तिनं हात पाठीमागे लपवले होते. सकाळपासून तिच्या दोन्ही करंगळ्या मिटत नव्हत्या, आणि आत्ता, या भांडणातच, अनामिका ताठ झाल्या होत्या. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

भांडण राहू द्या तिथंच. त्या दोघांची भांडणं कुठं पळून जात नाहीत. आधी राज्य कसं होतं ते ऐका.

त्या राज्यात मोठ्या माणसांना मुठी नव्हत्या. हात होते, दहा बोटं होती, बोटांत अंगठ्याही होत्या. पण बोटं मिटत नसत. घास मंत्रानं ताटातून उठे आणि तोंडात जाई. नांगर मंत्रानं चाले, दार मंत्रानं लागे, जातं मंत्रानं फिरे. मंत्र एकट्या भारनाथ मांत्रिकाला येत. म्हणून भारनाथ रुसला की सगळं राज्य उपाशी निजे.

हे झालं राजाच्या आज्यापासून. त्या आज्याच्या धाकट्या लेकाचं बोट एकदा जात्यात सापडलं. बोट वाचलं, पण आज्याचं काळीज काही जागेवर आलं नाही. त्यानं दवंडी पिटवली : "आजपासून माझ्या राज्यात कुण्या लेकराला कशाला हात लावू देऊ नये." दवंडी मायेनं पिटवली होती. मायेनं जेवढी वाटोळी झाली तेवढी रागानं झाली नसतील, हे माझं मत आहे, आणि ते मी कुणासाठी बदलणार नाही.

दवंडी ऐकून भारनाथ आला. म्हणाला, "हात लावायचाच नाही तर राबायचं कशाला? कामं मी करीन. माझी अट एवढीच. जे लेकरू सात वर्षांचं होईल, त्याची मूठ माझी."

"आणि परत कधी देशील?" आज्यानं विचारलं.

"एकाच लेकरानं, आपल्या सातव्या वाढदिवशी, दिवस मावळायच्या आत, स्वतःहून जड वस्तू एकदा उचलावी, एकदा ओढून वर काढावी, एकदा चढवून न्यावी. हात त्याचा, अवजार त्याच्या हातचं. मोठ्याचा हात लागला तर मोडलं. तिन्ही झालं तर सगळ्यांच्या मुठी परत."

आजा हसला. मूठ नेऊन हा काय करणार, असं त्याला वाटलं. पण भारनाथानं मुठी नेल्या. सातव्या वाढदिवशी सकाळपासून लेकराचं एकेक बोट ताठ होई, आणि सूर्य मावळला की मूठ हातातून उडे आणि त्याच्या लोखंडी पेटीत जाऊन पडे. त्या पेटीला लोक 'झाकली मूठ' म्हणत. सव्वा लाख मुठी होत्या तीत, आणि पेटीसकट वजन साठ शेर. रिकामी मूठ हलकीच असते.

या करारावर साक्षीदार म्हणून टिटवी नेमली होती. ती रात्री पाय वर करून निजे, आभाळाला टेकू द्यायला. टिटवी कधी खोटं बोलत नसे. तिला तेवढी अक्कल नव्हती.

आणि म्हातारी? तिचं नाव सकवार. ती सीमेपलीकडची, पाथरवटाची लेक. तिला कुणी काही शिकवलं नाही. बाप म्हणे, पोरीचं हे काम नव्हे. मग तिनं विचारायचं सोडलं आणि बघायला लागली. मुंगी कुठं पाय रोवते, बाप पहार कुठं खुपसतो, उतारावरचा धोंडा कशानं अडतो, हे बघून बघून ती सगळं शिकली. म्हातारपणी पाटे-वरवंटे विकत त्या राज्यात आली, तर लोक पाटे घेईनात. तिची मूठ बघायला गर्दी करीत. ती मूठ मिटे, उघडे, आणि बायका म्हणत, "अगं बाई, परत कर!"

राजा तिच्याकडे चालत गेला. म्हणाला, "आजीबाई, माझी पवळा सव्वा महिन्यात सात वर्षांची होईल. तिची मूठ वाचवा."

"वाचवीन," सकवार म्हणाली. "पण एकटी पोर घेऊन नाही. गावातली सगळी लहान पोरं आणा. एकटं पोर चुकलं की रडतं. दहा चुकली की हसतात. आणि तुम्ही लांब उभे राहायचं."

राजवाड्याच्या मागच्या अंगणात पोरं जमली. सकवारीनं पुढ्यात ढीग ओतला : मुसळं, फळ्या, दगड, सुतळी, फुटक्या चरख्याची चाकं, स्वयंपाकघरातली लाटणी. पोरं लांबच उभी. कुणी हात पुढे करीना.

"घ्या की!"

"हात लावू नको म्हणतात," कुंभाराची येसू म्हणाली.

"कोण म्हणतात?"

सगळ्यांनी राजाकडे बोट दाखवलं. राजा खाली बघू लागला.

पहिल्या आठवड्यात पोरांनी मुसळ दगडावर आडवं टाकलं आणि एका टोकाशी गव्हाचं पोतं ठेवून दुसऱ्या टोकावर उड्या मारल्या. पोतं हलेना.

"आजी, हे का उचलत नाही?"

"मला काय विचारता? त्याला विचारा."

दोन दिवस पोरांनी पोत्याला विचारलं. तिसऱ्या दिवशी येसूचा पाय लागून मधला दगड पोत्याच्या बाजूला सरकला, आणि पोतं टुणकन उठलं. पवळा ओरडली, "टेकू! टेकू त्याच्या जवळ पाहिजे, आपल्या जवळ नाही!"

"हं," सकवार म्हणाली. तिचं 'हं' हीच मोठी शाबासकी होती.

मग कप्प्या. पवळानं चरख्याच्या चाकाचा तुकडा घेऊन पहिली कप्पी केली. ती गोल होती म्हणायचं, पण चौकोनी म्हटलं तरी चाललं असतं. ती आडव्या वाशाला टांगली, दोर घातला, एका टोकाला पोतं बांधलं, दुसऱ्या टोकाला स्वतः लोंबकळली. येसूनं थट्टेनं पोत्यात आणखी एक धोंडा टाकला. पोतं खाली आणि राजकन्या वर! पोरं हसून लोळली. राजा धावला, "सोड! हात लावू नको! पडशील!"

"एक पाऊल मागे, महाराज," सकवार म्हणाली.

तो नियमच होता. 'हात लावू नको' तोंडून निघालं की राजानं एक पाऊल मागे जायचं. महिनाभरात तो तबेल्याच्या दारापर्यंत पोचला होता.

पवळा वरून म्हणाली, "आजी, एका कप्पीनं मी त्याच्याहून जड नाही होत."

"मग?"

"मग त्यालापण एक कप्पी लावू. दोर तिच्याखालून घेऊन परत वर बांधू. म्हणजे अर्धं ओझं वासा धरेल."

"आणि फुकट धरेल का?"

पवळानं करून पाहिलं. पोतं हातभर चढायला दोर दोन हात ओढावा लागला. "फुकट नाही," ती म्हणाली. "दोर जास्त मागतो." सकवारीला त्या रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झाला. पण तोंडानं ती 'हं'च म्हणाली.

आता ऐका त्या दिवसाचं.

सकाळी राजानं लेकीची तुला केली. वीस शेर गूळ लागला. दासींनी मंत्राच्या तेलानं नाही, खऱ्या तिळेलानं तिचं डोकं माखलं, कारण वाढदिवस होता. मग भारनाथ बुरुजावर येऊन बसला, आणि टिटवी म्हणाली, "उचल."

अंगणात चाळीस शेरांची शिळा होती. पवळानं वासा खुपसला, टेकू लावला, जोर केला. वासा कडकन मोडला. तिनं दुसरा निवडला, स्वतः तासला, त्यात दुपार झाली. तेव्हाच राजाला दिसलं की तिच्या करंगळ्या ताठ राहिल्यात. राजा पांढराफटक पडला. त्यानं स्वतःच्या सातव्या वाढदिवसाला मुठीबरोबर भोवऱ्याची दोरी उडून जाताना पाहिली होती, आणि ती दोरी त्याला अजून दिसे. पवळानं टेकू शिळेशी सरकवला, दुसरं टोक धरून सगळं अंग टाकलं, आणि शिळा वीतभर उचलली गेली. "एक," टिटवी म्हणाली.

मग पवळा बारवेच्या काठावर दोन घास खायला बसली. पुढच्या कामाच्या दोन कप्प्या शेजारी ठेवलेल्या होत्या, चांगल्या, तिनं महिनाभर घोटलेल्या. एकीच्या खोबणीत लाकडाची कुसळं दिसत होती. सकवारीनं ती पाहिली. शिकवणाऱ्याचा हात, काय सांगू तुम्हाला! पोराचं वाकडं दिसलं की खाजतो. तिनं चाकू काढला आणि दोन फटके मारले. फक्त दोन.

आणि टिटवीनं पाहिलं.

तर ते भांडण हे. आलो आपण परत बारवेवर.

"माझ्या लेकीची मूठ तुमच्या दोन फटक्यांत गेली!" राजा म्हणाला.

"तुमच्या घराण्यानं तीन पिढ्या सव्वा लाख घालवल्या, तेव्हा टिटवी नव्हती का बघायला?" सकवार म्हणाली. पण आवाज नेहमीचा नव्हता. ती खाली बसली. दोन्ही हात तिनं मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली. "माझं चुकलं, पवळे," ती म्हणाली. हे वाक्य तिनं त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं.

पवळा वळली, अंगणात पळत गेली आणि आपल्या खेळण्यांच्या टोपलीतून एक कप्पी घेऊन आली. तीच, पहिल्या दिवशीची, चौकोनी म्हटली तरी चालेल अशी.

"ती फिरत नाही गं," येसू कुजबुजली.

पवळानं फिरवून पाहिली. खरंच फिरेना. आस कोरडा ठणठणीत होता. तेल आणून कोण देणार? जो देईल तो मोठा. राजा दात चावत होता. बुरुजावर भारनाथ हसत होता. पवळानं नाक ओढलं, घाम पुसायला हात कपाळावर नेला आणि थांबली. हाताला तेल लागलं होतं. तिनं दोन्ही तळवे केसांतून फिरवले, चांगले चोळले, आणि आसाला माखले. कप्पी कुरकुरली. मग फिरली.

"हं," सकवारीच्या तोंडून निघालं. हात मात्र तिनं काढले नाहीत.

बारवेच्या तळाशी तीस शेरांचा हंडा होता. पवळानं चौकोनी कप्पी काठावरच्या वाशाला टांगली, आणि दुसरी कप्पी आणि दोराचं टोक घेऊन ती एकटी पायऱ्या उतरली. वरून ती दिसेना. नुसता पावलांचा आवाज येई, मग तोही थांबला. राजा काठावर वाकला. तोंडात आलेले शब्द त्यानं गिळले आणि आपणहून एक पाऊल मागे गेला. बऱ्याच वेळानं ती वर आली, गुडघा खरचटलेला. चार बोटं ताठ झाली होती, म्हणून दोर धरता येईना; तिनं तो मनगटाला वेढे देऊन घेतला आणि मागे मागे चालू लागली. पोरं पावलं मोजत होती. चौकोनी कप्पी प्रत्येक फेऱ्याला उचकी देई. प्रत्येक उचकीला राजा डोळे मिटी.

हंडा काठाशी आला. "दोन," टिटवी म्हणाली. "घटका एकच उरली."

तिसरं काम झाकल्या मुठीचं. साठ शेरांची पेटी अंगणात, आणि ती न्यायची राजवाड्याच्या ओट्यावर, दोन हात उंच. पायऱ्यांवर टेकवायला दोन फळ्या तिथं पडल्या होत्या. पवळानंच त्या कापल्या होत्या, एक सहा हातांची, एक बारा हातांची.

"आखूड घे, पवळे!" राजा ओरडला. "ऊन चाललं! आखूड वाटेनं लवकर पोचशील!"

"लांब घे!" सकवार उठून ओरडली. "आखूड फळी उभी राहते, पेटी अंगावर येईल!"

"लांब फळीला वेळ कुठाय?"

"आखूड फळीला जोर कुठाय?"

"आजीबाई, बाप मी आहे!"

"बाप आहात म्हणूनच घाई आहे तुम्हाला!"

पवळानं दोघांकडे पाहिलं आणि लांब फळी ओढली. तिनं ती सकवारीच्या सांगण्यावरून घेतली नाही. तिच्या हातांत आता अंगठा आणि तर्जनी एवढंच उरलं होतं, आणि उभ्या फळीवर काय होतं ते तिला अंगणात तीनदा कळलं होतं.

पेटीखाली तिनं स्वतः तासलेली लाटणी घातली. तळव्यांनी ढकललं. पेटी लाटण्यांवरून चालली. मागचं लाटणं मोकळं झालं की ती पेटीखाली पाचर सारी, लाटणं दोन्ही कोपरांत धरून पुढे नेई, पुन्हा ढकली. चार हात. सहा हात. ऊन ओट्याच्या कडेवर आलं. आठ हात. भारनाथ बुरुजावर उभा राहिला. नऊ हात, आणि ऊन सरकलं, आणि पवळानं घाईत लाटणं उचललं, पण पाचर सारायची राहिली.

पेटी मागे हलली.

ती आधी बोटभर सरकली, मग वीतभर. पवळानं पाठ लावली. तिचे पाय फळीवरून घसरू लागले. साठ शेर लोखंड आणि वीस शेर पोर.

"पवळे!" राजा धावला. "बाजूला हो!" सकवार धावली. एकीकडून त्याचे न मिटणारे तळवे आणि दुसरीकडून तिच्या मिटलेल्या मुठी पेटीपाशी पोचल्या. मध्ये चार बोटांचं अंतर. धावतानाही दोघं भांडत होती, तो म्हणत होता "लांब फळीनंच घात केला" आणि ती म्हणत होती "तुमच्या ओरडण्यानं विसरली." टिटवीनं पंख उघडले, 'मोडलं' म्हणायला चोच उघडली.

आणि तेव्हा पवळा बोलली. एकच वाक्य बोलली. काय बोलली ते सांगते, घाई करू नका; घाईनं काय होतं ते आत्ताच पाहिलंत.

दोघं होती तिथं थिजली. राजाचे हात हवेत राहिले. सकवारीनं आपल्या मुठी काखेत दाबल्या. भांडण तिथंच संपलं. पवळानं परकराच्या ओच्यातून पाचर खाली पाडली, टाचेनं पेटीखाली ठोसली, आणि पेटी थांबली. तिनं तीन श्वास घेतले. लाटणं पुढे नेलं. ढकललं. दहा हात, अकरा हात, ओटा. ओट्याच्या अगदी कडेला नखाएवढं ऊन उरलं होतं. पेटी त्यात जाऊन टेकली.

"तीन," टिटवी म्हणाली.

झाकण उघडलं. मुठी चिमण्यांसारख्या भुर्रकन उठल्या आणि ज्याच्या त्याच्या हातात जाऊन बसल्या. बाजारात, शेतात, माजघरात लोकांनी बोटं मिटली आणि रडले. पवळाची दहाही बोटं सैल झाली. राजाची मूठ आली ती सात वर्षांच्या पोराची होती, लहानशी, आणि तिच्यात भोवऱ्याची दोरी होती.

भारनाथाचे मंत्र त्याच घटकेला विरले. त्याला स्वतःची मूठ कधी नव्हतीच, म्हणून त्याला परत काही मिळालं नाही. आता तो सकवारीच्या अंगणात पोरांच्या मागच्या ओळीत बसतो. पहिल्या दिवशी त्याला कप्पी करायला दिली, अजून करतोय. टिटवी त्या रात्री कुशीवर निजली. आभाळ काही पडलं नाही.

राज्यात पुन्हा जाती फिरू लागली, बोटंही अधूनमधून चेमटू लागली, आणि त्यांवर हळद लागू लागली. राजा आणि सकवार अजून भांडतात. लांब फळीवरून, आखूड फळीवरून, वरणाच्या फोडणीवरूनही. पण अंगणात एखादं पोर काही वाकडं करत बसलं आणि कुण्या मोठ्याचा हात खाजून पुढे सरकला, की कुणीतरी पोर मान वर न करता तेच म्हणतं, जे त्या दिवशी घसरत्या पेटीला पाठ लावून, दातओठ खात, सात वर्षं पुरी व्हायला आलेली पवळा म्हणाली होती :

"आबासाहेब, आजी, दोघंही हात लावू नका, मला येतंय!"